मिठाच्या पाण्यातल्या दोन गाठी

५ एप्रिल, शनिवार

चिन्नीला आज डॉक्टरकडे नेलं. शेवटी नेलं, असं लिहायला पाहिजे. मागच्या पायांजवळच्या सडाखाली दिवाळीतच हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली होती. आता ती लिंबाएवढी झालीय आणि फरशीला घासून सोलपटलीय.

इतके दिवस का नेलं नाही? जनावरांचा जुना दवाखाना आहे, पण तिथं सगळे बाप्ये. कुत्रीच्या थानाला गाठ आलीय हे त्यांच्यासमोर बोलायचं कसं, या एका लाजेत थंडी गेली. माणसाला ठाऊक असतं आपण कशाला टाळतोय, तरी टाळतो.

औसा रोडला नवीन डॉक्टरीण आलीय. गौसिया नाव. माझ्या भाचीच्या वयाची असेल. चिन्नीला टेबलावर घेऊन तिनं सडांच्या पाचही जोड्या एकेक करून चाचपल्या, मग जांघेत बोटं घातली.

"काकू, कधीपासून आहे हे?"

"पंधरा दिवस झाले असतील."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग 'पंधरा दिवस' असंच कागदावर लिहिलं. खोटं पकडलं गेलंय आणि समोरच्यानं ते सोडून दिलंय, हे कळण्यासारखी लाज नाही.

मंगळवारी गाठ काढायची ठरली.

चिन्नी यांची. एमआयडीसीच्या रस्त्यावरून यांनीच उचलून आणली होती. मला कुत्र्यांचं कधी वेड नव्हतं. हे गेले आणि ती मागे राहिली, म्हणून आहे. एवढंच.

८ एप्रिल, मंगळवार

गाठ निघाली. चिन्नी घरी आणली, पोटाला पट्टा बांधलाय, झिंगल्यासारखी बघते.

दवाखान्यात आणखी एक कुत्री होती, भुरी. चाकूरकडच्या दगडोबा नावाच्या मेंढपाळाची. तिलाही तसलीच गाठ, तिचीही आजच काढायची होती. बाकड्यावर मी चिन्नीला पदरात घेऊन बसले होते, तर तो म्हणतो, "ओ बाई, कुत्री हाय का लेक? न्हाणीला बसवल्यावानी घिऊन बसलाव."

मी म्हटलं, "तुमची लेक कुठं बसलीय ते बघा आधी." भुरी डॉक्टरच्या खुर्चीवर चढून बसली होती. तो खो खो हसला. मीही हसले. घराबाहेर हसून किती दिवस झाले होते.

गौसियानं दोन्ही गाठी दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत घातल्या. वर पाण्यासारखं औषध ओतलं, फॉर्मालिन. मला म्हणाली, नुसत्या डोळ्यानं गाठ साधी की वाईट ते कळत नाही. उदगीरच्या कॉलेजात तिचे कागदाहून पातळ काप काढतात, रंगवतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशी कशा रचल्यात, किती दुभंगतायत, कापलेल्या कडेपर्यंत पोचल्यात का, हे सगळं दिसतं. मग पुढं अजून कापायचं की नाही ते ठरवायचं.

उदगीर माझं माहेर. शुक्रवारी मी जाणारच होते. "मी नेते," म्हटलं.

"माझीबी घिऊन जावा की," दगडोबा म्हणाला. "तेवढंच पुण्य लागंल तुमाला."

"न्या," गौसिया म्हणाली. "फक्त उघडू नका, काकू. या औषधात गाठ महिनाभर टिकते. औषधाबाहेर एक दिवसही नाही."

९ एप्रिल, बुधवार

उद्या यांची दुसरी पुण्यतिथी. जंगमस्वामी येणार, पादपूजा होणार, पाच-सहा जणांचा प्रसाद. नांदेडहून नणंद रुद्राणीवन्सं आज दुपारी येतायत.

बाटल्या मागच्या न्हाणीघरात, बादलीखाली झाकून ठेवल्या होत्या. सकाळी दार उघडलं तर वास. झाकण घट्ट होतं तरी वास. डोळ्यांत पाणी आलं. नांदेडच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर एक बोळ होता, तिथं हाच वास यायचा. आम्ही यांच्या तपासणीच्या कागदाची वाट बघत तिथंच बसायचो. हे म्हणायचे, तू सगळं वाचतेस, आला की तूच वाच.

आमच्या घरात अंडं कधी आलं नाही. लिंगपूजेच्या घरात मांसाच्या दोन बाटल्या, आणि उद्या स्वामींचे पाय धुवायचे. हात पुसून मी एक काम केलं. दोन्ही बाटल्यांतलं औषध मोरीत ओतलं, गाठी दोनदा धुतल्या आणि मिठाचं पाणी करून त्यात टाकल्या. कैऱ्या टाकतो तसं कडक पाणी, तळाला मीठ उरेपर्यंत. मिठात काय टिकत नाही? आजीच्या हातची लिंबं आमच्याकडे दुसऱ्या वर्षीही निघायची. पाणी तसंच पांढरं, बाटली तशीच. वास गेला.

दगडोबाची बाटली तेवढी सोडायची, असं एकदा मनात आलं. पण एकीचा वास ठेवून दुसरीचा घालवण्यात काय अर्थ?

१० एप्रिल, गुरुवार

सगळं नीट पार पडलं. रुद्राणीवन्सं न्हाणीघरात जाऊन आल्या, काही म्हणाल्या नाहीत. चिन्नीला मात्र बोलल्या.

"वहिनी, दादापेक्षा या कुत्रीची सेवा जास्त चाललीय तुमची. अन् डॉक्टर कोण म्हणं? मुसलमानाची पोरगी?"

"हाव. हात चांगला आहे तिचा."

"हात चांगला असंल. पण आपल्या घरातलं कुत्रं म्हटल्यावर..."

"कुत्र्याला काय जात असते, वन्सं?"

"त्याला नसती, धन्याला असती," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. जेवताना मात्र भाकरीचा तुकडा चिन्नीपुढं त्यांनीच टाकला.

११ एप्रिल, शुक्रवार

उदगीरला बाटल्या दिल्या. ऊन फार होतं, बसमध्ये पिशवी मांडीवर धरली होती. कॉलेजात तपासणाऱ्या डॉक्टर सुकन्या मॅडम सुटीवर होत्या. एका शिपायानं चिठ्ठ्या वाचून बाटल्या दुसऱ्या बाटल्यांच्या रांगेत ठेवल्या. कुणी झाकण उघडून पाहिलं नाही. मला बरं वाटलं. का बरं वाटावं, हे तेव्हा सुचलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

गौसियाचा फोन. आवाज बसलेला.

"काकू, दोन्ही रिपोर्ट आलेत. वाचता येत नाहीत म्हणे."

"म्हणजे?"

"पेशी आतून सडल्यात. वरची पातळ कड थोडी दिसते, मध्ये नुसता चोथा. भुरीच्या गाठीत हाडाचे अन् कूर्चेचे तुकडे तेवढे ओळखू येतात, ते कडक असतात म्हणून. बाकी काहीच नाही. मॅडम म्हणाल्या, औषध फार पातळ होतं." मग जरा थांबून म्हणाली, "ते मीच बनवलं होतं, काकू. एक भाग औषध, नऊ भाग पाणी. त्या दिवशी माझंच काही चुकलं."

मी काय म्हणाले? "असू दे," म्हणाले. फोन ठेवल्यावर ते दोन शब्द कानात राहिले. माझ्या चुकीबद्दल मी तिला माफ केलं.

२० एप्रिल, रविवार

यांच्या भांड्यांच्या दुकानात बांधायला रद्दी यायची. सातवीनंतर शाळा सुटली ती त्या रद्दीवर भरून काढली. त्यातलीच शेती-जनावरांची जुनी मासिकं आज माळ्यावरून काढली. एका पानावर कुत्रीच्या गाठींबद्दल होतं. दुधाच्या बारीक नळ्यांना दोन पदर असतात. आतला पदर दूध करणाऱ्या पेशींचा, बाहेरचा ते पिळून पुढं ढकलणाऱ्या पेशींचा. कुत्रीत हा बाहेरचा पदर कधीकधी असा वाढतो की त्याची कूर्चा होते, हाड होतं. थानात हाड! पण खाली लिहिलंय, हाड सापडलं म्हणजे वाईट असं नाही. पुष्कळदा अशी मिसळीची गाठ साधीच असते.

म्हणजे भुरीची साधी असू शकते. पण हाडांच्या मधल्या पेशी कशा होत्या ते सांगायला आता कोणी नाही. त्या मी धुतल्या.

मिठाबद्दल मासिकात काही नव्हतं. डोकं चालवलं तर कळतं. मीठ पाणी ओढून घेतं, तेवढंच. पेशी जशीच्या तशी धरून ठेवणं हे त्याचं काम नव्हे. लिंबू आपल्याला मुरलेलंच हवं असतं.

२२ एप्रिल, मंगळवार

चिन्नीचे टाके काढायला गेले. आतून दगडोबाचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

"पुन्हा चिरायची म्हंता? मंग पयल्यांदा काय केलं? हळद लावली?"

"कडेला काही राहिलंय का कळत नाही, दादा," गौसिया म्हणत होती. "साधी असती तर सोडलं असतं. वाईट असली आणि सोडली तर दोन महिन्यांत पसरेल. चूक माझी आहे. मी फुकट करते."

"फुकट! कातडं तिचं जाणार, अन् फुकट!" मग मला बघून म्हणाला, "बगा बाई. शिकली हाय, पर हात कच्चा हाय. तुमचीबी वाया घालवली न्हवं?"

तो माझ्याकडं बघत होता. गौसिया माझ्याकडं बघत होती. चिन्नीसुद्धा. मी पदर नीट केला आणि म्हणाले, "होतं असं."

भुरीला भूल दिली. खाली ठेवताना तिचं डोकं फरशीला लागलं आणि दगडोबानं पटकन आपला हात मध्ये घातला. टाके निघाल्यावर मी लगेच निघाले.

चिन्नीचंही पुन्हा करावं लागेल, गौसिया म्हणाली. मी म्हटलं, बघू. जखम छान भरलीय, खाते, पळते. उगाच कशाला.

२८ एप्रिल, सोमवार

आज सांगितलं.

मी सांगायला गेले नव्हते. चिन्नीच्या कानात गोचीड झाली होती म्हणून गेले. दवाखाना रिकामा. एरवी बाहेर दोन-तीन शेळ्या तरी बांधलेल्या असतात. गौसिया टेबलाशी बसून मोजपात्रात पाणी भरत होती, बघत होती, ओतून पुन्हा भरत होती. जुनं सगळं औषध टाकून नवीन आणलंय, म्हणाली.

"कुणी नाही आज?"

"दगडोबा बाजारात सांगत फिरतोय. मेंढरंवाले येईनात. खरं तेच सांगतोय, त्याला काय बोलायचं?" मग ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "काकू, मी ठरवलंय. गाठींचं काम बंद. लसी टोचते, जंताचं औषध देते. अब्बूंचं म्हणणं तेच होतं, एवढ्या मोठ्या कामात पडू नको. तुम्ही तरी येताव, लई झालं."

ते 'तुम्ही तरी' मला सोसलं नाही.

"औषध तू बरोबर केलं होतंस," मी म्हणाले. "मी ओतून दिलं. मिठाचं पाणी घातलं."

तिनं हातातलं मोजपात्र टेबलावर ठेवलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"उघडू नका म्हटलं होतं ना मी?"

"हाव."

"मग कशापायी?"

"घरात पूजा होती. स्वामी येणार होते. वास यायला लागला."

"तर माझ्याकडं परत आणून ठेवायच्या. पाच मिनिटांचा रस्ता आहे, काकू. मी ठेवल्या असत्या, शुक्रवारी दिल्या असत्या."

खरं आहे. रिक्षानं पाच मिनिटं. ते माझ्या मनात आलंच नाही. का आलं नाही, दिवसभर विचार करतेय. वास नको होता एवढंच आठवतं. मोरीत ओतलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं होतं, तेही आठवतं. पूजेचंच ओझं असणार, दुसरं काय.

गौसिया उठली, बेसिनवर हात धुतले. धुतलेलेच होते, तरी पुन्हा धुतले. माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "मी रात्रभर मोजमाप आठवत बसत होते. नोकरीची जाहिरातसुद्धा बघून ठेवली."

मग हात पुसत माझ्याकडं वळली.

"दगडोबाला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. अन् चिन्नीला पुढच्या मंगळवारी आणा. बघू-बिघू नाही."

मला ती 'बसा' म्हणाली नाही. चिन्नीच्या कानातल्या गोचिडी मात्र सगळ्या काढल्या, एकेक करून.

३ मे, शनिवार

दगडोबाला सांगायचं राहिलंय. तो मेंढरं घेऊन लांब गेलाय म्हणतात, फोन लागत नाही. फोन मी केला नाही, असं लिहायला पाहिजे.

६ मे, मंगळवार

चिन्नीचं पुन्हा झालं. आधीच्या वणाभोवतीची कातडी, शेजारचं सड आणि जांघेतलं अवधाण, म्हणजे तिथली लसीकेची गाठ, तीही काढली. तिथंच आधी पसरतं म्हणे. एवढी मोठी शिवण आहे की बघवत नाही. शिवणीतली निम्मी माझी.

बाटली घेऊन दवाखान्यातूनच थेट बसस्टँडवर गेले. चिन्नीला गौसियानं ठेवून घेतलं. भुरीच्या दुसऱ्या वेळचा तुकडा तिनं आधीच कुरिअरनं पाठवला होता. माझ्या हाती दिला नाही. बरोबरच केलं.

१६ मे, शुक्रवार

उदगीर. सुकन्या मॅडमनी बोलावलं नव्हतं, रिपोर्ट फोनवर जाणारच होता. मी आपणहून गेले. शिपाई म्हणाला मॅडम कामात आहेत, तर मी बाहेर बसून राहिले. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. मी कोण ते सांगितलं. बाटल्यांचंही सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही, पण जीभ वळते.

त्या रागावल्या नाहीत. "तरीच," म्हणाल्या. "मीठ! मी औषधाच्या पाण्यातच दोष शोधत होते." मग विचारलं, "बघायचंय का? की डॉक्टरांनाच सांगू?"

"मला सांगा. दाखवून सांगा."

आधी त्यांनी भुरीची काचपट्टी लावली. एक डोळा मिटून मी बघितलं. गुलाबी, त्यात जांभळे ठिपके. नुसती वणाची रेघोट्या पडलेली कातडी. "हिच्यात काही नाही. कडेपर्यंत स्वच्छ. पहिली गाठ बहुतेक साधी मिसळीचीच असणार."

"म्हणजे दुसऱ्यांदा कापायची गरज नव्हती?"

"पहिली वाचता आली असती, तर नव्हती."

मग चिन्नीची लावली. त्यांनी आधी चांगला भाग शोधून दिला. नळीचा आडवा काप, गोल, भोवती दोन पदरी पेशींचं कडं, सगळ्या सारख्या, ओळीत बसलेल्या. हळदीकुंकवाला बायका बसाव्यात तशा. मग त्यांनी चाक फिरवलं, चित्र सरकलं आणि कडं मोडलं. पेशी एकमेकींच्या अंगावर. एक लहान, एक तिप्पट मोठी, कुणाचा गाभा काळा, कुणाचा फुगलेला. बाहेरचा पदर कुठंच नाही. "ह्या दुभंगतायत," मॅडम म्हणाल्या, "ही एक, ही एक, ही बघा." मी मोजायचं सोडलं.

"हे वणातलं. आता हे जांघेतलं."

तिथं बारीक निळ्या ठिपक्यांची दाटी होती. मोहरी सांडल्यासारखी. त्या मोहरीत तशाच मोठ्या, वेड्यावाकड्या पेशींचा एक पुंजका. एकच. पण मला तो आता ओळखता येत होता. सांगावं लागलं नाही.

"पहिल्याच वेळी कळलं असतं तर?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तेव्हाही इथं पोचलेलं असू शकतं. नसूही शकतं. ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

आणि दिवाळीत? ते मी विचारलं नाही. त्याचं उत्तर मला ठाऊक आहे.

पुन्हा एकदा बघू का, विचारलं. त्यांनी बघू दिलं. मी दुसरा डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.

१७ मे, शनिवार

सकाळी दगडोबाला फोन केला. लागला. भुरीचा कागद आलाय, दवाखान्यात या म्हटलं. तो आला, भुरीही आली. गौसिया आत एका वासराला बघत होती, दार उघडंच होतं. बाकड्यावर आणखी दोघं बसले होते. चारचौघांसमोरच सांगायचं ठरवून गेले होते. चारचौघांतच तर गौसियाचं नाव खराब झालं होतं.

"भुरी चांगली आहे," मी म्हणाले. "काही नाही तिला. पहिल्या वेळीच बरी झाली होती. बाटलीतलं औषध मी ओतून दिलं, घरात वास नको म्हणून. मिठाच्या पाण्यात घातली तुमची गाठ. डॉक्टरची काही चूक नाही. माझी आहे."

त्याला आधी कळेचना. मग कळलं.

"म्हंजी दुसऱ्यांदा उगंच चिरली?"

"हाव."

"अन् त्या दिशी इथंच बसला व्हताव तुमी! ह्याच बाकावर! मी त्या पोरीला नाही नाही ते बोललो, अन् तुमी काय म्हनलाव? होतं असं! वा गं बाई. मोठ्या घरच्या. देवाधर्माच्या. ह्या मुक्या जीवाला वीस टाके पडले, रातच्याला कण्हत व्हती. तुमच्या घराला वास आला म्हणून! अरं, उकिरड्यावर फेकली असती तर निदान मला कळलं तरी असतं!"

बाकड्यावरचे दोघं खाली बघत होते. गौसिया दारात येऊन उभी राहिली, हातमोजे तसेच. ती मध्ये पडली नाही. मीही मान खाली घातली नाही. एकेक शब्द येत होता आणि जागेवर बसत होता. किती दिवस कुणी नीट रागावलं नव्हतं मला. हे गेल्यापासून सगळे सांभाळूनच बोलतात.

"अन् तुमच्या कुत्रीचं काय निघालं? ती बी चांगलीच असंल. तुमचं बरंच व्हतंय नेहमी."

"कॅन्सर," मी म्हणाले. "जांघेत पोचलाय."

दगडोबा तोंड उघडं ठेवून तसाच थांबला. मग टोपी काढली, पुन्हा घातली. भुरीच्या पाठीवर हात ठेवून माझ्या शेजारी बाकड्यावर बसला.

मला वाटलं, थांबू नये यानं. अजून बोलायला पाहिजे होतं.